आमच्या मागे याचे कोण?

(देवस्थानच्या वर्धापनदिनी अग्रशाळेत केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. आयुष्य कारकुनीत गेले. निवृत्तीनंतर दिव्यांग मुलांच्या कुटुंबांना साहाय्य करणाऱ्या एका मंडळात जाऊ लागलो. तेथे पगारी माणूस कोणी नाही. कोणी मुलाला व्यायामासाठी घेऊन जातो. कोणी आईला बाजारहाट करता यावा म्हणून दोन तास मुलापाशी बसते. माझ्या वाट्याला, अर्थातच, कागद आले.

त्याचे कारण प्रांजळपणे सांगतो. नोकरीत असताना एक माता हातपाय आखडलेल्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन माझ्या मेजापाशी आली होती. एका दाखल्याची प्रत कमी होती, म्हणून मी तिला परत पाठविले. नियमाने मी बरोबर होतो. ती पुन्हा आली नाही.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले. किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क मिळाला. परंतु हक्क आणि मूल यांच्यामध्ये अर्जाचा कागद असतो, आणि रात्रंदिवस मुलाची शुश्रूषा करणाऱ्या आईस तो भरण्याची उसंत नसते. तेवढे काम आम्ही करतो.

मात्र प्रत्येक घरी एक प्रश्न ऐकू येतो : 'आमच्या मागे याचे कोण?' १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमून देऊ शकते. परंतु अर्जात पालक म्हणून नाव कोणाचे लिहावे? कायदा पालक नेमतो. पालक होणारा माणूस तो कोठून आणणार?

तो माणूस आपल्यातूनच यावयास हवा. पालखीच्या दिवशी आपण सारे एकत्र येतो. पण असे मूल असलेले कुटुंब बहुधा घरीच राहते, अथवा पायऱ्यांपाशी थांबते. म्हणून माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. सभामंडपाच्या पायऱ्यांलगत चाकाच्या खुर्चीसाठी एक उतार बांधावा, आणि प्रत्येक वांगडातून एका व्यक्तीने आठवड्याचे दोन तास द्यावेत. आधी ओळख होईल, मग जिव्हाळा. पालकत्वाची गोष्ट त्यानंतरची.

ती माता आज पुन्हा आली, तर प्रत मी स्वतः काढून आणीन. श्रीदेव आपणां सर्वांस सद्बुद्धी देवो.