दप्तरापासून कागदापर्यंत



तंजावरच्या भोसले राजांनी 1676 पासून 1855 पर्यंत तमिळ मुलखात राज्य केले आणि आपल्या कारभाराचा मोठा भाग मराठीत, मोडी लिपीत नोंदवून ठेवला. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे त्यांचे नाव जगभर झाले. 1918 मध्ये ते सर्वांना खुले झाले. दरबारी कागदांची पुडकीही तेथेच होती. ग्रंथ आणि दप्तर असे शेजारी नांदले, की दप्तराची यादीही पोथ्यांप्रमाणे, एकेका नगाची करावी असे वाटू लागते. परंतु पोथी एकटी उभी राहू शकते. कागदाला ते साधत नाही.

समजा, तांदूळ, तूप व दिव्याचे तेल यांच्या खर्चाचा एक बंद हाती आला. स्थळाचा उल्लेख नाही. हा खर्च राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा, देवळाचा, की ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्राचा? उत्तर बंदात नाही, तो ज्या पुडक्यात होता त्यात आहे. पुडके सोडून बंद विषयवार लावला, की साक्षीदार मुका झाला.

म्हणून वर्णन वरून खाली उतरावे: प्रथम संपूर्ण दप्तर, मग त्यातील खात्याची मालिका, मग पुडके, शेवटी कागद. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांचा गाभा हाच आहे. वर सांगितलेले खाली पुन्हा सांगू नये, असेही त्यांत म्हटले आहे. ही केवळ शाईची बचत नव्हे. 1799 च्या तहानंतर मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि सरफोजी राजांची प्रत्यक्ष सत्ता किल्ला व त्याच्या परिसरापुरती उरली. दप्तराच्या पातळीवर हे एकदा नोंदवले, की त्यानंतरच्या कागदांत मुलखाच्या वसुलीपेक्षा वाडा, देवळे आणि छत्रे यांचा हिशेब अधिक का, हे वाचकाला प्रत्येक पुडक्यापाशी विचारावे लागत नाही.

अभ्यासकांना कागदवार यादी हवी असते. त्यांची घाई मी समजू शकतो. पण मोडी वाचणारे थोडे आणि पुडकी पुष्कळ, अशा ठिकाणी एका पुडक्याची सर्वांगसुंदर यादी करण्यापूर्वी सर्व पुडक्यांची चार-चार ओळींची ओळख झालेली बरी. आणि पुडक्यावरची जुनी चिठ्ठी आतल्या मजकुराशी जुळत नसली, तरी ती जशीच्या तशी उतरून घ्यावी.