दोन घटका स्वतःसाठी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

पन्नास वर्षे एखादी संस्था अखंड चालते ती कोणा एकाच्या मोठ्या पराक्रमाने नव्हे. रोज सकाळी वेळेवर उघडणारे दार, महिनाअखेरीस चुकता न होणारा हिशेब आणि न बोलावता येणारे चार कार्यकर्ते यांच्या बळावर ती चालते. मला दिलेला विषय याच्याशी जवळचा आहे. मनाची काळजी आणि कर्तृत्वाच्या ओढीने येणारा शीण यांवर छोट्या नित्यनियमांचा काही उपयोग होतो का, हा तो विषय.

आपला समाज उद्यमशील आहे. इतवारीतील पेढी असो, गांधीबागेतील कापडाचे दुकान असो किंवा मिहानमधील संगणक कंपनीतील नोकरी असो, कष्टाला आपली माणसे मागे हटत नाहीत. परंतु घराघरांतून आज एक वेगळेच चित्र दिसते. दुकान रात्री नऊला बंद होते, पण दुकानदाराच्या हातातील फोन अकरापर्यंत बंद होत नाही. 'नीट' परीक्षेची तयारी करणारी मुलगी पहाटे पाचला उठते आणि शिकवणीच्या सराव परीक्षेत चार गुण कमी पडले म्हणून जेवत नाही. परदेशातील कार्यालयाच्या वेळेनुसार काम करणारा मुलगा एकाच घरात राहूनही आईला आठवडाभर दिसत नाही. यांपैकी कोणीही आळशी नाही. उलट, ही आपली सर्वांत गुणी माणसे आहेत. म्हणूनच हा विषय गंभीर आहे.

या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. वात संपून दिवा विझावा तसे काहीसे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली हा शब्द मानसशास्त्राच्या लेखनात आणला. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या निरीक्षणावरून त्यांनी लिहिले होते. विझत होते ते कामचुकार नव्हते, तर सर्वाधिक झोकून देणारे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्यासारखे वाटणे, आपल्या कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि कामाची परिणामकारकता घटणे. संघटनेने हा आजार मानलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाची योग्य व्यवस्था न लागल्याने उद्भवणारी ही स्थिती आहे, असे तिचे म्हणणे आहे.

आता आपल्या शास्त्रांकडे पाहू. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे विवेचन आहे. त्यात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत: नकोसे ते वाट्याला आल्याचे दुःख, हवेसे ते दुरावल्याचे दुःख, वेदनेचे चिंतन आणि चौथे निदान, म्हणजे पुढे मिळावयाच्या फळाची सततची लालसा. पहिले तीन प्रकार ही आपली रोजची काळजी आहे हे सहज पटते. परंतु आचार्यांनी फळाच्या हव्यासालाही त्याच ओळीत बसविले, यात फार मोठी दृष्टी आहे. काळजी आणि यशाचा ध्यास या आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. एक वाईट, दुसरी चांगली. शास्त्र सांगते की दोन्ही मनाला आजच्या क्षणातून उचलून उद्यात नेऊन टाकतात. म्हणून केवळ काळजी कमी करू आणि हव्यास तसाच ठेवू, असे होत नाही.

याचे एक उदाहरण आपल्या नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर घडलेले आहे. डिसेंबर १९३५ मध्ये महात्मा गांधी वर्धा येथे मगनवाडीत राहत होते. ग्रामोद्योगाचे काम, पत्रव्यवहार, 'हरिजन' साप्ताहिकाचे लेखन आणि आश्रमवासीयांचे प्रश्न यांचा भार एकत्र येऊन त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि काही आठवडे त्यांचे लेखनही थांबले. फेब्रुवारी १९३६ च्या अखेरीस त्यांनी 'हरिजन'मध्ये या आजारपणाविषयी लिहिले. मनावरचा ताण आपल्याला बाधला, याचा अर्थ आपली अनासक्ती अजून अपुरी आहे, असा त्या आत्मपरीक्षणाचा रोख होता.

यातून काय घ्यावे? सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, सोमवारचे मौन, सूतकताई, नित्य फिरणे हे सारे नियम गांधीजी त्या आजारापूर्वीही पाळत होते. तरीही शरीराने हात टेकले. म्हणजे नित्यनियम हे काही ताईत नव्हेत. भार वाढवीत जायचे आणि वर वीस मिनिटांची प्रार्थना ठेवायची, एवढ्याने भागत नाही. विसावा आणि मर्यादा ही दोन्ही चाके लागतात. एका चाकावर गाडी चालत नाही.

आपल्या परंपरेत ही दोन्ही चाके आहेत. विसाव्याचे चाक म्हणजे सामायिक. एक मुहूर्त, म्हणजे दोन घटका, म्हणजेच ४८ मिनिटे समभावात राहणे. मर्यादेचे चाक म्हणजे परिग्रहपरिमाण, दिग्व्रत आणि देशव्रत. दिग्व्रतात माणूस आयुष्यभरासाठी आपल्या वावराची सीमा ठरवितो. देशव्रतात तीच सीमा ठराविक काळापुरती आणखी आखडून घेतो. जुन्या काळी ही सीमा गाव, नदी, डोंगर यांवरून सांगत. आज आपला देह घरात असतो आणि फोनमधून मन मुंबईच्या बाजारात व न्यूयॉर्कच्या कार्यालयात फिरते. म्हणून आज देशव्रताचा अर्थ 'रात्री साडेआठनंतर धंद्याचा फोन शयनगृहात येणार नाही' असाही करता येईल. हा अर्थ मी व्रताच्या भावनेतून सांगतो आहे. विधीविषयी मार्गदर्शन आपण आपल्या गुरुजनांकडून घ्यावे.

दोन्ही चाके सांभाळणारा एक गृहस्थ व्यापारी आपल्या सर्वांना परिचित आहे. श्रीमद् राजचंद्र (१८६७–१९०१) मुंबईत जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. गांधीजी १८९१ साली विलायतेहून परतले तेव्हा त्यांची भेट झाली. आत्मकथेत गांधीजींनी नमूद केले आहे की हा माणूस लाखोंची उलाढाल करतो, पण सौदा संपताच त्याच्या हातात धर्मग्रंथ किंवा वही येते. पेढीवर या गोष्टी हाताशी असतच. यासाठी ते हिमालयात गेले नव्हते. दोन सौद्यांमधला वेळ त्यांनी काळजीला दिला नाही, इतकेच. आणखी एक गोष्ट आजच्या पालकांनी ध्यानात घ्यावी. वयाच्या विशीच्या आतच त्यांनी शतावधानाचे, म्हणजे एकाच वेळी शंभर विषयांवर अवधान ठेवण्याचे, प्रयोग जाहीर सभेत करून कीर्ती मिळविली होती. पुढे ते जाहीर प्रयोग त्यांनी स्वतःहून बंद केले. जे येते ते सारे लोकांना दाखविलेच पाहिजे असे नाही, हे त्यांना त्या वयात उमगले होते.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. चारच गोष्टी.

पहिली गोष्ट. ज्यांना ४८ मिनिटांचे सामायिक शक्य आहे त्यांनी ते करावेच. ज्यांना नाही, त्यांनी हताश होऊन सोडून देऊ नये. दुकानाचे शटर उघडल्यावर, पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वी पाच मिनिटे गादीवर शांत बसून णमोकार मंत्राचे स्मरण करावे. विद्यार्थ्याने पुस्तक उघडण्यापूर्वी तेच करावे. वेळ आणि जागा मात्र ठरलेली असावी. आधीच्या एखाद्या रोजच्या कृतीला नवी सवय बांधली की ती लवकर रुजते.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. आपण व्यापारी माणसे रोजमेळ जुळविल्याशिवाय गल्ला बंद करीत नाही. मनाचा रोजमेळ मात्र उघडाच ठेवून झोपतो. आपल्या पूर्वजांनी दैवसिक प्रतिक्रमण याचसाठी ठेवले. दिवसाकडे एकदा वळून पाहायचे, चुकले ते कबूल करायचे, क्षमा मागायची आणि खाते बंद करायचे. आधुनिक संशोधनही याच्याजवळ येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली असे मांडले की काळजीसाठी दिवसातला अर्धा तास व एक जागा ठरवून दिली आणि इतर वेळी मनात आलेली काळजी त्या वेळेवर ढकलली, तर काळजी कमी होते. तिथल्याच बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील दिवसांतील कामांची यादी कागदावर लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोपी गेले. तेव्हा प्रतिक्रमणानंतर एका कागदावर उद्याची कामे लिहावीत आणि तो कागद खोलीबाहेर ठेवावा.

तिसरी गोष्ट मर्यादेची. रोज सकाळी एक छोटे प्रत्याख्यान घ्यावे: आज अमुक वाजल्यानंतर नवे काम स्वीकारणार नाही. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या घरांत ही सीमा सूर्यच आखून देतो. तो नियम केवळ जीवदयेचा आहे असे नाही. त्यामुळे कुटुंब दिवसातून एकदा एकत्र पंगतीला बसते. दुकानाच्या वेळेमुळे ज्यांना तो जमत नाही, त्यांनी निदान एक जेवण फोन दूर ठेवून, सर्वांसह करावे.

चौथी गोष्ट शरीराची. महाराजबागेत, फुटाळ्याच्या काठावर किंवा सेमिनरी हिल्सवर आपल्यापैकी अनेक जण फिरतात. फिरताना पावले मोजू नका आणि बाजारभाव बोलू नका. अर्धा तास नुसते चाला.

या सवयी रुजायला किती दिवस लागतात? लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यात एक दिलासा देणारी गोष्टही आढळली. एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्यात फारसा फरक पडत नाही. आपल्या श्रावकाचारात सामायिकाचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत विस्मरण आणि अनादर हेही आहेत. अतिचार म्हणजे व्रताला लागलेला दोष. व्रताचा भंग नव्हे. दोष धुता येतो. विसरलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

बंधू-भगिनींनो, आता थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. ज्या हव्यासातून सुटायचे, तोच हव्यास या नियमांतही शिरतो. माझी मालांची संख्या किती, शेजाऱ्यांच्या सुनेचे उपवास किती, आमच्या मुलाची सामायिके किती, अशी मोजणी सुरू झाली की व्रत हीच नवी परीक्षा होते आणि निदान मागल्या दाराने परत येते. तपाची अनुमोदना अवश्य करावी. तुलना करू नये.

हेच आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारालाही लागू आहे. सत्कार योग्यच आहे. परंतु टाळ्या केवळ पंच्याण्णव टक्क्यांनाच मिळतात असे लहान मुले वर्षानुवर्षे पाहत राहिली, तर ऐंशी टक्के मिळविणारे मूल या सभागृहात यायचे बंद होते. आणि पंच्याण्णव मिळविणारे मूल पुढच्या वर्षी चौऱ्याण्णव येतील या भीतीने झोपत नाही. दोघेही आपलीच मुले आहेत. माझी न्यासाला नम्र विनंती आहे की एकावन्नाव्या वर्षापासून त्या समारंभात दहावी-बारावीच्या परीक्षेला बसलेल्या समाजातील प्रत्येक मुलाला बोलवावे, नाव घ्यावे आणि गुण वाचू नयेत. खर्च चार नारळ आणि चार पुष्पगुच्छांचा वाढेल. मिळकत मोठी होईल.

शेवटी एक सावधगिरी. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ही वेळ केवळ नियमांची नाही. तेथे डॉक्टरांकडे जावे. ताप आल्यावर औषध घेताना आपण लाजत नाही. मनाच्या आजारातही लाजू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. त्यावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरातल्या मुलांना माहीत असू द्यावा.

दिवसाच्या साठ घटका असतात. अठ्ठावन्न घटका संसाराला, धंद्याला, अभ्यासाला द्याव्यात, आनंदाने द्याव्यात. उरलेल्या दोन आपल्या आत्म्याच्या आहेत. त्या कोणाला उसन्या देऊ नयेत आणि त्यांचा हिशेब कोणाला दाखवूही नये.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.