बाळंतपणानंतरचे पोट आणि शस्त्रक्रिया
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी हा विषय सुचविला तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला होता. पण दवाखान्याचे दार लोटून घेतले की पुष्कळजणी हेच विचारतात. तेव्हा आज उघडच बोलू.

मागे एक बाई आल्या. दोन बाळंतपणे झालेली. रात्रीचे जेवण सोडून वर्ष झाले, वजन उतरले, पोट मात्र तसेच. तपासले, तर चरबी फारशी नव्हतीच. गरोदरपणी पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकले होते, ते पुन्हा जवळ आले नव्हते. उपाशी राहून ते कसे येणार? मी प्रथम त्यांना व्यायाम शिकवला.

‘टमी टक’ म्हणतात त्या शस्त्रक्रियेत हे स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि सैल कातडी काढतात. वजन उतरविण्याचा तो उपाय नव्हे. नळीने चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन निराळे. त्याने स्नायू जुळत नाहीत.

सैलपणा बेंबीखालीच असेल तर लहान शस्त्रक्रिया पुरते. पूर्ण शस्त्रक्रियेत छेद एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत जातो, आणि वरची कातडी खाली ओढल्यावर बेंबीसाठी तिच्यात नवे भोक पाडावे लागते. फार वजन उतरलेल्यांना छेद कुशींपर्यंत न्यावा लागतो, कधी उभाही घ्यावा लागतो. लोंबणारी घडी तेवढी काढणे ही जुनी तऱ्हा. बाल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड केली यांनी १८९९ साली तशी शस्त्रक्रिया नोंदविली आहे.

व्रण जन्मभर राहतो. फिकट होतो इतकेच. काही दिवस वाकून चालावे लागते. सुमारे सहा आठवडे जड उचलायचे नाही, म्हणजे पाण्याची कळशी नाही आणि कडेवर मूलही नाही. घरात दुसरे हात आहेत का, हे आधी पाहा. जखमेत पाणी साचते, पू होतो. क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते, आणि ते जिवावर बेतते. म्हणून रोग्याला लवकर चालते करतात. मिशरी लावणाऱ्यांनी ती निदान चार आठवडे आधी सोडावी. मिशरी म्हणजे तंबाखूच, तिने जखम भरत नाही. डॉक्टरांपासून ती लपवू मात्र नका! आणखी मूल हवे असेल तर थांबावे, कारण गरोदरपणात जुळवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात.

त्या बाईंची फट व्यायामाने बरीच कमी झाली, कातडी सैलच राहिली. व्रण कुठून कुठवर येईल ते मी त्यांच्याच पोटावर बोटाने दाखवले. थोडा वेळ विचार करून त्या नको म्हणाल्या. रात्रीचे जेवण मात्र त्यांनी त्याच दिवसापासून सुरू केले.