रक्त फुकट, मग बिल कशाचं?

रक्तदान शिबिरात चहा-बिस्किटाच्या टेबलाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. “आम्ही रक्त फुकट दिलं, मग रक्तपेढी पेशंटकडून पैसे का घेते?” विचारणारा पुढच्या खेपेला येणार की नाही, हे त्याला मिळणाऱ्या उत्तरावर ठरतं.

उत्तराआधी थोडं मागे जाऊ. एके काळी आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते होते. गरजेपोटी रक्त विकणारा माणूस आपला आजार कशाला सांगेल? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने ऐच्छिक रक्तदानावर भर दिला. आपल्याकडे गणेश मंडळांनी आणि कॉलेजांतल्या एनएसएसच्या मुलांनी हे काम अंगावर घेतलं. विक्री थांबली, तेव्हा दानाला मान आला.

पण “आधी रक्ताच्या दोन बाटल्यांची सोय करा” असं रुग्णालयाने नातेवाइकांना सांगितलं, की तो मान जातो. हवालदिल झालेला माणूस चार पैसे देऊन कुणाला तरी ‘पेशंटचा मेहुणा’ म्हणून उभा करतो. समोरच्या दाराने हाकललेला धंदा असा मागच्या दाराने आत येतो.

आता बिलाचं. रक्ताला किंमत नाही, खर्च मात्र आहे. पिशवी, साठवण आणि एचआयव्ही, कावीळ ब व क, सिफिलिस, मलेरिया यांच्या तपासण्या. तेवढंच प्रक्रिया शुल्क घ्यावं, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. हा हिशेब रक्तपेढीच्या दारावर मराठीत, ठळक अक्षरांत लावला, तर दात्याच्या मनातला संशय फिटेल. सरकार कुणाच्या मनात दानत पेरू शकत नाही. असलेली दानत विटू नये, एवढं नक्की पाहू शकतं.

बाकीचं आपल्या हातात आहे. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, तांबड्या पेशी साधारण सहा आठवडे. साहेबांच्या वाढदिवसाला शेकडो पिशव्या आणि मे महिन्यात ठणठणाट, हे उपयोगाचं नाही. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येतं. तेव्हा वाढदिवसाची वाट पाहू नका. जवळच्या रक्तपेढीत जा आणि विचारा, “कधी येऊ?”