टी-वन ९८० वरून ११७०: हृदय बिघडलं की मशीन बदललं?

नांदेडवाले मोठ्या तपासणीला हैदराबाद गाठतात, लातूरवाले पुणे. समजा, बाबांच्या हृदयाचा एमआरआय गेल्या वर्षी पुण्यात झाला, टी-वन ९८० मिलिसेकंद. यंदा हैदराबादला ११७०. घरात रडारड. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण आकडे कशाने मोजलेत ते आधी बघायची सवय आहे.

पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग लगेच दिसतो. सगळा सदराच हळदीच्या पाण्यात बुडवला तर डाग कुठला शोधणार? गॅडोलिनियम देऊन नंतर काढायचा नेहमीचा फोटो असाच डाग शोधतो, म्हणजे हार्ट अटॅकचा व्रण. हृदयभर पसरलेलं बारीक फायब्रोसिस त्यातून निसटतं. म्हणून टी-वन मॅपिंग: स्नायूच्या प्रत्येक ठिकाणाचा आकडाच मोजायचा.

पण हा आकडा मशीनवर ठरतो. १.५ टेस्लावर ९८० नॉर्मल असू शकतो आणि ३ टेस्लावर ११७० सुद्धा! पद्धतीनेही फरक पडतो. २००४ मधल्या मूळ 'मोली'त १७ ठोके श्वास रोखावा लागायचा. दम लागणाऱ्याला कसं जमावं? 'शमोली'ने ते ९ वर आणलं. मोलीचा आकडा खरा टी-वन थोडा कमी दाखवतो, पण परत मोजला तर जवळपास तोच येतो. 'साशा' खऱ्याच्या जास्त जवळ, पण आकडे जरा हलतात. आणि सूज आली तरी टी-वन वाढतो, बरं का.

दोन शहरांचे रिपोर्ट ताडायचे तर ईसीव्ही बघा, म्हणजे पेशींबाहेरच्या जागेची टक्केवारी. नॉर्मल साधारण २५ च्या आसपास. औषधाआधीचा आणि नंतरचा टी-वन, स्नायूचा आणि रक्ताचा, यांचं गुणोत्तर काढतात, त्यात मशीनचा फरक बराचसा मिटतो. मग ते १ वजा हेमॅटोक्रिटने गुणायचं. इथंच गोची आहे. गुणोत्तर ०.४५ आणि फाइलमधला जुना हेमॅटोक्रिट ४५ टक्के धरला, तर ईसीव्ही २४.७५. सगळं छान! पण रक्त कमी होऊन आजचा हेमॅटोक्रिट ३५ असेल, तर २९.२५. माणूस तोच, स्कॅन तोच. म्हणून रक्ततपासणी त्याच दिवशीची मागा.

किडनी फार खराब असेल तर गॅडोलिनियम टाळायची वेळ येऊ शकते, क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवा. मग हातात फक्त साधा टी-वन उरतो. अशा वेळी पुढचा स्कॅन त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने करा. परत हैदराबादचं तिकीट काढावं लागलं तरी.