पर्यवेक्षकाची तालीम



मनाच्या दुखण्यावर संवादाने उपचार करणाऱ्या माणसाला आपण समुपदेशक म्हणतो, अलीकडे थेरपिस्टही म्हणतो. आणि त्याच्याकडे गेलेला दुःखी जीव सावरला, तर त्याचे श्रेय त्यालाच देतो, हे रास्तच आहे. परंतु बंद दाराआड चालणारे हे काम ठरावीक काळाने कोणा जाणत्या व्यक्तीपुढे उघडे करून मांडावे, आपले कोठे अडले, कोणत्या क्षणी आपण स्वतःच भ्यालो किंवा चिडलो हे निःसंकोच सांगावे, आणि तिच्या सोबतीने पुन्हा त्या रुग्णाकडे जाण्याचे बळ घ्यावे, असा एक शिरस्ता या व्यवसायात आहे, याची वार्ता आपल्या समाजात फारशी पोचलेली नाही. व्यवसायातील मंडळी त्याला सुपरव्हिजन म्हणतात. मी पर्यवेक्षण म्हणेन. माझे आजचे प्रतिपादन असे की, उत्तम समुपदेशक केवळ वर्षे उलटली म्हणून पर्यवेक्षक होत नाही. ती विद्या त्याला निराळी संपादन करावी लागते, आणि ती ग्रंथांतून व प्रकरणांच्या कागदांतून जितकी मिळते, त्याहून अधिक स्वतःच्या देहाकडे आणि समोरच्या माणसाशी जडणाऱ्या नात्याकडे लक्ष देण्याच्या दीर्घ अभ्यासातून मिळते.

ही गोष्ट कोल्हापुरात सांगताना मला फार प्रस्तावना करावी लागत नाही. ज्या नगरीत शाहू छत्रपतींनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे केले आणि जिच्या पेठापेठांतून तालमी नांदल्या, तेथे वस्ताद कोणाला म्हणावे याचे ज्ञान घरोघर आहे. गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले आणि पुढे मोतीबाग तालमीत त्यांनी पिढ्या घडविल्या. पण मैदान मारणारा प्रत्येक मल्ल असा वस्ताद होत नाही, हेही येथे सर्वांना ठाऊक आहे. हौद्याच्या कडेला उभा असलेला वस्ताद डाव पडण्याची वाट पाहत नाही; पोराचा भार टाचेवर गेला आहे, त्याने श्वास कोंडून धरला आहे, समोरच्याच्या नावलौकिकाने त्याचे खांदे आधीच आवळले आहेत, हे त्याला डावाच्या आधी दिसते, आणि ते दिसते याचे कारण त्याच्या स्वतःच्या अंगाने ते सारे भोगलेले असते. तरीही तो स्वतः हौद्यात उतरून पोराची कुस्ती लढत नाही. मानसोपचाराच्या पर्यवेक्षकाला हेच दोन गुण हवेत: अंगाने ओळखणे, आणि ओळखूनही हात आवरणे.

या शिरस्त्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. १९२० साली बर्लिन येथे माक्स आइटिंगोन आणि त्यांचे सहकारी यांनी मनोविश्लेषणाचा दवाखाना काढला, आणि नवशिक्याने दुसऱ्या जाणत्याच्या देखरेखीखाली रुग्ण पाहावेत ही पद्धत तेथून रूढ झाली. बुडापेस्टच्या मंडळींचे मत निराळे होते. नवशिक्याच्या स्वतःच्या मनात उठणारे तरंग हाच शिक्षणाचा गाभा, तेव्हा शिक्षणाचा भाग म्हणून ज्याने त्या नवशिक्याचेच मनोविश्लेषण केले त्यानेच त्याचे पहिले प्रकरणही पाहावे, असे विल्मा कोवाच यांचे म्हणणे होते. व्यवहारात बर्लिनचा पक्ष जिंकला. पण बुडापेस्टचा प्रश्न मिटला नाही. १९५५ साली अमेरिकेतील हॅरोल्ड सर्ल्स यांनी एक निबंध लिहून त्याला नवे वळण दिले. पर्यवेक्षणाच्या खोलीत पर्यवेक्षकाला जे अकस्मात वाटू लागते, कंटाळा, घाई, अकारण राग, ते त्याचे खासगी दौर्बल्यच असेल असे नाही. रुग्ण आणि उपचारक यांच्यामध्ये जे शब्दांवाचून चालले आहे, त्याचेच प्रतिबिंब या दुसऱ्या खोलीत उमटत असू शकते, असे त्यांनी दाखविले. पुढे ज्या विचारवंतांनी देहाला या शास्त्रात सन्मानाने आणले, त्यांनी यात एवढीच भर घातली की हे प्रतिबिंब विचारात उमटण्यापूर्वी श्वासात, जबड्यात, पोटात उमटते.

नमुन्यादाखल एक प्रसंग रचून सांगतो. हे काम करणाऱ्यांना तो अनोळखी वाटणार नाही. २०१९च्या ऑगस्टातील महापुरानंतर एक तरुण समुपदेशिका शिरोळ तालुक्यातील एका गावी जात असे. तेथील एक बाई रात्र रात्र जागी असते. तिच्या दोन म्हशी गोठ्यातच बुडून मेल्या. समुपदेशिका हे प्रकरण आपल्या पर्यवेक्षिकेपुढे मांडते आहे. मांडणी चोख आहे: झोपेची नोंद, भुकेची नोंद, पंचनामा झाला, भरपाईच्या अर्जाची माहिती दिली, श्वसनाचा व्यायाम शिकविला. बोलण्याचा वेग मात्र वाढत चालला आहे, आणि उजव्या हाताने तिने खुर्चीची कड घट्ट धरली आहे. ऐकता ऐकता पर्यवेक्षिकेच्या ध्यानात येते की आपलाही श्वास वर अडकला आहे, आणि हिला लगेच काहीतरी उपाय सांगून मोकळे व्हावे अशी ऊर्मी अनावर होते आहे. शिक्षण नसलेली पर्यवेक्षिका येथे तो उपाय सांगून टाकील. ही तसे करत नाही. "जरा थांबूया," ती म्हणते. "मला ऐकताना दम लागल्यासारखं होतंय. तुझा हात खुर्चीला घट्ट धरून आहे, तो तसाच राहू दे. त्या हाताला काय वाटतंय, बघशील?" मुलगी थांबते, हाताकडे पाहते, आणि बऱ्याच वेळाने म्हणते, "ताई, सोडलं तर काहीतरी वाहून जाईल असं वाटतंय. त्या म्हशींचा विषय निघाला की मीच अर्जाचं बोलायला लागते." पुढच्या भेटीत ती अर्जाचे बोलली नाही, बाईच्या शेजारी बसून राहिली. तेव्हा बाईने प्रथमच सांगितले, "पोरांस्नी घेऊन नावंत बसले, पर दावं सोडायचं ऱ्हायलं." झोप उडविणारे दुःख म्हशींचे होते, पण त्याहून अधिक त्या न सोडलेल्या दाव्याचे होते, आणि ते उच्चारण्याला जागा मिळाली ती एका खोलीत एका मुलीच्या हाताकडे कोणी आदराने पाहिले म्हणून.

असे पर्यवेक्षक घडवावयाचे कसे? आपल्या शेजारी गोमंतकात या दिशेचा एक मोलाचा प्रयोग झाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली स्थापिलेल्या 'संगत' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसविले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर या समुपदेशनाची चाचणी घेतली गेली; तिचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले: तीन महिन्यांअखेर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. या आकड्यांची प्रशंसा पुष्कळ झाली. त्यांच्यामागील पर्यवेक्षणाची व्यवस्था मात्र मला अधिक विचारार्ह वाटते. समुपदेशक आपल्या भेटी ध्वनिमुद्रित करीत, गटात बसून त्या ऐकत, आणि ठरावीक मापनपट्टीवर एकमेकांच्या कामाला गुण देत. आरंभी तज्ज्ञ गट चालवीत, पुढे सहकारीच आळीपाळीने चालवू लागले. पर्यवेक्षण ही कोणा मोठ्या हुद्देदाराची मिरास नाही, ती शिकता आणि शिकविता येते, हे त्यातून सिद्ध झाले. माझ्या मते आता याच पायावर पुढचा मजला चढविला पाहिजे. ध्वनिफितीत आवाजाचा कंप येतो, पण खुर्चीची कड धरलेला हात येत नाही.

म्हणून पर्यवेक्षकाच्या शिक्षणात काही महिने तरी केवळ स्वतःच्या देहाची ओळख करून घेण्यात जावेत असे मी म्हणतो. पोटात पडलेला पीळ रुग्णाच्या भयाचा प्रतिध्वनी आहे, की रात्रीच्या जागरणाचा, की आपल्याच घरात एकदा शिरलेल्या पाण्याच्या आठवणीचा, हा विवेक ज्याला करता येत नाही, त्याने देहाच्या भाषेचा दाखला देऊच नये. कारण ते संकेत म्हणजे पुरावा नव्हे, विचारून पाहण्याजोगी शंका एवढेच. त्यानंतर प्रत्यक्ष सराव: एक जण प्रकरण मांडतो, दुसरा पर्यवेक्षण करतो, तिसरा शब्दांकडे लक्ष न देता श्वास, बैठक आणि मौन यांचीच नोंद घेतो, आणि मग तिघे मिळून बोलतात. कधी प्रकरण मांडणाऱ्याने काही क्षण रुग्णासारखे बसून पाहावे. पाठ तशी वाकवली, मान तशी घातली, की कागदावर न उतरलेले पुष्कळसे आपोआप उमगते. करोनाच्या काळापासून पुष्कळ पर्यवेक्षण पडद्यावरून चालते आणि तेथे खांद्याखालचा माणूस दिसत नाही, म्हणून तर "पाय जमिनीला टेकलेत का?" एवढे विचारण्याची सवयही शिकविलीच पाहिजे. स्पर्शाची यात कोठेही गरज नाही.

परंतु सर्वांत कठीण भाग नात्याचा आहे, आणि येथे मी थोडा थांबतो. आपल्याकडे शिष्याने गुरूपुढे उणे बोलू नये असा संस्कार खोल रुजलेला आहे. ज्या 'सरां'ची किंवा 'मॅडम'ची सही आपल्या दाखल्यावर व्हावयाची, त्यांना मला त्या रुग्णाची घृणा वाटली, मला त्याच्याविषयी ओढ वाटली, मला झोप आली, असे सांगण्याचे धैर्य विशीतल्या मुलामुलींनी कोठून आणावे? त्यातच जात, लिंग आणि वय यांची अदृश्य उतरंड प्रत्येक खोलीत हजर असते. अशा स्थितीत वरिष्ठाने कनिष्ठाच्या देहाकडे बोट दाखविणे हे साहाय्य न ठरता पाळत ठरण्याचा मोठा धोका आहे. म्हणून देहाविषयी बोलण्यापूर्वी मुभा मागावी, नकार आला तर तो निमूट स्वीकारावा, कनिष्ठाच्या खासगी जखमेवर उपचार करू लागू नये, आणि आपल्याला काय होते आहे ते आधी आपण सांगावे. त्या पर्यवेक्षिकेने "मला दम लागल्यासारखं होतंय" हे प्रथम म्हटले, हाताचे नंतर काढले. हा क्रम शिष्टाचारापुरता नाही, या विद्येचा तो कणा आहे.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. ही दरी भरून काढण्यासाठी समुपदेशकांची भरती होईल, व्हावयासच हवी. पण त्यांना सांभाळणारे कोण? नैदानिक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, समाजकार्याच्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यात पर्यवेक्षक मिळतो. परंतु पर्यवेक्षकाने स्वतः काही शिक्षण घेतले पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे नाही. किती रुग्ण पाहिले याचा रकाना दप्तरात असतो. पर्यवेक्षणाच्या तासाला बहुधा रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नाही त्याला वेतनही नाही.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, 'सायबर' या संस्थेत समाजकार्याचे शिक्षण आहे, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, आणि २०१९ व २०२१ या दोन पुरांत गावोगाव फिरलेले अनुभवी समुपदेशक आहेत. या सर्वांनी एकत्र येऊन पर्यवेक्षकांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढावा, पहिल्या तुकडीत दहाबारा माणसे असली तरी पुरे, आणि त्यांच्या पर्यवेक्षणाचा तास कामाच्या वेळेत, वेतनासह धरला जावा, अशी माझी या व्यासपीठावरून आग्रहाची विनंती आहे. आणि या सभागृहात जे समुपदेशक बसले आहेत, त्यांनी तोवर वाट पाहू नये. विश्वासाचे दोन सहकारी गाठून येत्या आठवड्यातच एक तास मुक्रर करावा.