दुरुस्तीचे राजकारण

(कार्यकर्त्यांच्या तीन दिवसांच्या अभ्यासशिबिरात समारोपाच्या सत्रात केलेले भाषण, थोड्या संक्षेपाने.)



गेले तीन दिवस तुम्ही शेतीमालाच्या भावावर, कामगार संहितांवर, जमिनीच्या प्रश्नावर गंभीर चर्चा केलीत. समारोपाचा वक्ता मात्र एक जुने शिवणयंत्र शेजारी ठेवून उभा राहिला, तेव्हा काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले. ते मी पाहिले. उतारवयात माणसाला छंद जडतात, त्यांतलाच हा एक, असे तुम्हांला वाटले असेल. घरातल्या मोडक्या वस्तू दुरुस्त करीत बसणे हा निवृत्तांचा विरंगुळा. त्यात राजकारण कोठून आले? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे.

माझे वडील मुंबईच्या एका कापडगिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी जो संप सुरू झाला आणि ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यात तेही होते. संप लांबत गेला. शिल्लक संपली. तेव्हा त्यांनी चाळीच्या जिन्याखाली एक पोते अंथरले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे स्टोव्ह, इस्त्र्या, सायकली दुरुस्त करायला सुरुवात केली. वर खोलीत आई याच यंत्रावर परकर-झंपर शिवीत असे. त्या दोघांच्या हातांवर आमच्या घरची चूल पेटत होती. मी त्या वेळी कॉलेजात होतो आणि सभांतून श्रमप्रतिष्ठेवर भाषणे करीत होतो. वडिलांनी ‘जरा कंदील धर’ म्हटले, तर काहीतरी निमित्त काढून मी बाहेर पडत असे. मित्र घरी यायचे असले की वडिलांनी जिन्याखालून उठून वर यावे, असे मला वाटे. एकदा मी तसे बोलून दाखविले. ते उठले नाहीत. काहीही न बोलता ते हातातला बर्नर घासत राहिले.

त्यांच्या पश्चात त्यांची हत्यारांची पेटी मी भंगारवाल्याला वजनावर दिली.

आईचे यंत्र मात्र माळ्यावर राहिले. दोन वर्षांपूर्वी ते खाली काढले तेव्हा त्याचे चाक हाताने फिरत नव्हते. दोन दुकानांत चौकशी केली. दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले: भंगारात घाला आणि नवे घ्या. तिसरे दुकान म्हणजे रस्त्याकडेला ठेवलेले एक लाकडी टेबल होते. तेथल्या वृद्ध कारागिराने यंत्र पाहिले, चाक दाबून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, हे मोडलेलं नाही, नुसतं सुकलंय. मी करून देतो. पण तुम्हीच केलंत तर पुन्हा माझ्याकडे यावं लागणार नाही.” स्वतःचे गिऱ्हाईक स्वतः कमी करणारा असा दुकानदार मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

त्याने सांगितले तसे मी करीत गेलो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या यंत्रात जुने तेल डिंकासारखे घट्ट होते. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडायचे, चाक बळाने न फिरविता मागेपुढे हलवीत राहायचे आणि रात्रभर वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी काळा मळ बाहेर येऊ लागतो. तो पुसायचा, पुन्हा रॉकेल आणि शेवटी यंत्राचे स्वच्छ तेल. सुईखालची पट्टी काढली तर कापड पुढे सरकविणाऱ्या दात्यांमध्ये आईच्या काळचा कापूस नमद्यासारखा दाबून बसला होता. तो टाचणीने उकरून काढला. दोऱ्याचा ताण ठरविणाऱ्या दोन चकत्यांमध्ये धाग्याचा एक तुकडा अडकला होता. तेवढ्यामुळे टाका सैल पडला असता. चामडी पट्टा ताणून लांबला होता. तो बोटभर कापला आणि तारेच्या आकड्याने पुन्हा जोडला. नवी सुई चार वेळा उलटी बसविली, पाचव्यांदा सुलटी बसली.

मग कारागिराने मला टाका कसा पडतो ते दाखविले. सुई तळाशी जाऊन किंचित वर उठते, त्या क्षणी तिच्या दोऱ्याचा एक लहानसा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलच्या टोकाने त्या फासातून शिरले पाहिजे. क्षणभर आधी किंवा नंतर गेले तर टाका सुटतो. चाळीस वर्षे हे यंत्र माझ्या घरात होते, त्याच्यावर माझे शिक्षण झाले, आणि टाका कसा पडतो हे मला ठाऊक नव्हते.

मित्रहो, येथे छंद संपतो आणि राजकारण सुरू होते. हे यंत्र मला दुरुस्त करता आले, यात माझे कर्तृत्व थोडे आहे. ते दुरुस्त होईल अशा रीतीने बनविलेले आहे, हे खरे कारण. त्याचा प्रत्येक भाग स्क्रूने बसविलेला आहे, म्हणजेच तो काढता येतो. आपल्याकडची घरगुती काळी यंत्रे बहुतांशी सिंगरच्या एकाच जुन्या नमुन्यावर बेतलेली असल्यामुळे एकाची बॉबिन दुसऱ्यात चालते. लुधियानात बनलेला सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो. सायकलीचेही असेच आहे.

आता आजच्या वस्तू पाहा. स्क्रूच्या जागी डिंक आला. मोबाइलची बॅटरी चिकटविलेली असते. सुटा भाग अस्सल असला तरी कंपनीच्या संगणकाने मान्यता दिल्याखेरीज काही यंत्रे तो स्वीकारीत नाहीत. वस्तू तुम्ही विकत घेतलीत, पण ती उघडण्याचा अधिकार विक्रेत्याकडेच राहिला. मालकीचा हा अर्थ समाजवाद्यांनी तपासायला हवा. उत्पादनसाधनांची मालकी कोणाची, हा प्रश्न आपण विचारीत आलो. आता रोजच्या वापरातल्या वस्तूची मालकी तरी खरोखर आपली आहे काय, हे विचारण्याची वेळ आली आहे.

ही तंत्रज्ञानाची अपरिहार्य गती आहे, असे सांगितले जाते. ते खरे नाही. १९२४ च्या अखेरीस जगातल्या प्रमुख दिवे-उत्पादकांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाची एक संघटना स्थापन केली. ओसराम, फिलिप्स यांसारख्या कंपन्या तिच्यात होत्या. त्या काळी विजेचे दिवे दीड ते दोन हजार तास टिकत असत. या संघटनेने एक हजार तासांची मर्यादा ठरवून दिली आणि ज्याचा दिवा जास्त टिकेल त्या कारखान्याला दंड ठेवला! अधिक टिकाऊ माल बनविण्याबद्दल शिक्षा! दुसरे महायुद्ध सुरू होताना ही व्यवस्था मोडली, पण तिच्यामागचा विचार मोडला नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर संकलनाची नोंद झाली. उरलेला कचरा कोणाच्या वस्तीत जाळला जातो आणि कोणाची मुले तांब्याच्या तारा वेचतात, हे तुम्हांला सांगायला नको.

याच्या उलट दिशेचा विचार आपल्या देशात झालेला आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी प्रत्येक अभियंत्याने वाचाव्यात अशा आहेत. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी; वेळच्या वेळी निगा राखली तर ते किमान वीस वर्षे चालावे; आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. चरख्याविषयी आपल्यात मतभेद असतील; माझेही आहेत. पण यंत्र बनविण्यापूर्वीच त्याच्या दुरुस्तीचा हिशेब मागणारी ही दृष्टी मला विलक्षण आधुनिक वाटते. १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राची कल्पना मांडली, तिचा धागाही येथेच येऊन मिळतो. ज्या यंत्राचे अंतरंग वापरणाऱ्याला कळते, ते यंत्र त्याला सहसा गुलाम करीत नाही.

प्रश्न आता कायद्याच्या दारात आला आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारापासून अडवून ठेवल्याबद्दल १४ मोटारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने निवडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टलही सुरू झाले. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचा हक्क कायद्याने दिला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीविषयक निर्देश संमत केला. पोर्टल चांगले, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुगीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर बंद पडलेल्या शेतकऱ्याला संकेतस्थळाचा पत्ता देऊन भागत नाही. त्याला सुटा भाग हवा, नकाशा हवा, आणि जवळचा कारागीर ते यंत्र उघडू शकेल याची हमी हवी.

मात्र सारा दोष कंपन्यांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. बलुतेदारीत सुतार-लोहाराने वर्षभर नांगर, पाभर, कुळव दुरुस्त करावे आणि खळ्यावर धान्य मागावे, अशी रीत होती. काहीजण त्या व्यवस्थेचे आज गोडवे गातात. त्यांनी हे विसरू नये की, तेथे कौशल्य जन्माला बांधलेले होते आणि कौशल्याबरोबर हीनताही. विचार करणारा हात लावीत नसे आणि हात लावणाऱ्याला कोणी विचारीत नसे. कल्हईवाला नवसागर टाकून तापल्या भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो, २३२ अंशांना वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने सबंध भांड्यावर पसरवितो. हे रसायनशास्त्र आणि धातुशास्त्र आहे. आपण मात्र त्याला अडाणी म्हणतो. जिन्याखाली बसलेल्या वडिलांची मला लाज वाटली, ती कोणत्या कंपनीने शिकविली नव्हती. ती मला माझ्या समाजाने दिली होती, आणि माझ्या पुरोगामी भाषणांनी ती झाकून ठेवली होती.

स्त्रियांच्या बाबतीत ही तटबंदी अधिकच पक्की. यंत्र चालवावे बाईने आणि पक्कड धरावी पुरुषाने, असा अलिखित नियम! त्याची किंमत कधी भयंकर असते. १९८० च्या सुमारास ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वर्तमानपत्रांत वारंवार येत असे. माझे वडील ती वाचून अस्वस्थ होत. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतले, चोंदलेल्या बर्नरवर पंप मारीत राहिले, तर भडका उडू शकतो हे ते जाणत होते. पण ते म्हणत, “भडका सुनेचाच कसा उडतो? सासूचा एकदाही नाही?” स्टोव्हची ओळख असलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. स्त्री-संघटनांनी तोच प्रश्न रस्त्यावर आणला, तेव्हा १९८३ आणि १९८६ साली फौजदारी कायद्यात बदल झाले. वस्तूचे ज्ञान असले म्हणजे वस्तूच्या आड लपलेला माणूस दिसू लागतो, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

एक इशाराही देतो. दुरुस्तीचे मी स्तोत्र गात नाही. फाटक्याला ठिगळ लावणे ही गरिबाची आवड नसते, ती त्याची सक्ती असते. कारागिराला दिवसाकाठी पोटापुरते मिळत नसेल, तर त्याच्या कौशल्याचे आपले कौतुक पोकळ आहे. प्रत्येक जुनी वस्तू राखलीच पाहिजे असेही नाही. प्रेशर कुकरची सुरक्षा-झडप, गॅसची नळी, वाहनाचे ब्रेक येथे घरगुती जुगाड नको. नवा, प्रमाणित भाग बसवावा. विजेचे उपकरण प्रवाह तोडल्याशिवाय उघडू नये. आपले सामर्थ्य आणि आपली मर्यादा, दोन्ही ओळखणे हाही दुरुस्तीच्या शिक्षणाचाच भाग आहे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? वस्तू विकणाऱ्याने ठराविक वर्षे सुटे भाग आणि मराठीतून दुरुस्तीची माहिती द्यावी, असा बंधनकारक कायदा मागावा. रस्त्याकडेच्या कारागिराला अतिक्रमण म्हणून हुसकावण्याऐवजी ओळखपत्र, जागा आणि सामाजिक सुरक्षा मिळावी, यासाठी नगरपालिकेत भांडावे. आणि आपल्या प्रत्येक शाखेत महिन्यातून एक रविवार असा ठेवावा की, ज्या दिवशी कारागीर शिकवील आणि पदवीधर शिकेल. त्या दिवशी कारागिराला मानधन द्यावे, आणि पक्कड प्रथम मुलींच्या हाती द्यावी. ॲम्स्टरडॅममध्ये २००९ साली अशाच एका मेळाव्यातून चळवळ उभी राहिली आणि ती अनेक देशांत पोहोचली. आपल्याकडे तर कारागीर कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेला आहे. त्याच्याजवळ जाऊन बसायचे, एवढेच बाकी आहे.

हे यंत्र मी शिबिरात ठेवून जात आहे. सायंकाळी ते उघडा, पुसा आणि पुन्हा जोडा. एखादा स्क्रू उरला तर घाबरू नका, पुन्हा उघडा.

वडिलांची पेटी आता मला परत मिळणार नाही. जुन्या बाजारात जाऊन मी पान्हे आणि पक्कड गोळा केली आहे, पण त्यांवर त्यांच्या हाताची झीज नाही. तुमच्यापैकी कोणाचे वडील, कोणाची आई आजही असे जिन्याखाली, अंगणात, टपरीत काहीतरी दुरुस्त करीत बसलेली असतील. उद्या घरी गेल्यावर भाषण देऊ नका. त्यांच्याजवळ खाली बसा आणि त्यांना नीट दिसेल असा कंदील धरा.